डॉ. लागूंच्या स्मृतिदिनाला काय दाखवावं? (नटांवरचे माहितीपट असे का होतात?)

चौथी घंटा
मंडळी, १७ डिसेंबर जवळ आलाय. डॉ. श्रीराम लागू २०१९ साली त्या दिवशी गेले. जन्म साताऱ्याचा, १६ नोव्हेंबर १९२७, पण हे साताऱ्यातच फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. इथल्या काही जणांनी त्या संध्याकाळी अडीच-तीन तासांचा कार्यक्रम ठरवलाय. सभागृह लहान, दीडशे खुर्च्या, प्रोजेक्टर भाड्याचा, तिकीट नाही.

दोन प्रस्ताव आहेत. पहिला: पाऊण तासाची श्रद्धांजलीची फीत बनवायची. फोटो, सहकलाकारांचे बाईट आणि मध्ये मध्ये गाजलेल्या प्रसंगांचे तुकडे. दुसरा: फीतबीत काही नको, लागू आणि निळू फुले यांचा 'सामना' हा सिनेमा अख्खा दाखवायचा.

माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. गेल्या चार-पाच वर्षांत आपल्या माहितीपटांनी कुठल्या कुठे मजल मारली. 'रायटिंग विथ फायर' आणि 'ऑल दॅट ब्रीद्स' ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेले, 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३ मध्ये ते मिळालं, पायल कपाडियाच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'ला २०२१ साली कान चित्रपट महोत्सवात माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. पण नट गेला आणि त्याच्यावर काही काढायचं म्हटलं की आपली गाडी अजून तिथंच: फोटोवर हळूहळू झूम, मागं बासरी, आणि कुणीतरी म्हणतं, 'माणूस म्हणून फार मोठे होते.' असं का होतं? जाणकारांनी सांगावं.

बंडोपंत वाईकर
बासरी नको असेल तर सतार घ्या. फक्त झूम जरा जलद लागेल.

रीळबंद
कारण साधं आहे. नाटकातला नट दाखवायला चित्रणच नसतं. लागूंच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०चा. तेव्हा प्रयोग चित्रित करायचा तर १६ मिमीची फिल्म. ४०० फुटांचं एक रीळ सेकंदाला २४ फ्रेमनं ११ मिनिटं चालतं. तीन तासांच्या नाटकाला सतरा रिळं, आणि रीळ बदलताना खंड पडू नये म्हणून दुसरा कॅमेरा, म्हणजे त्याची वेगळी रिळं. वर धुलाई, प्रिंट, शिवाय ध्वनीचं वेगळं यंत्र. कुठली नाट्यसंस्था हा खर्च करणार होती?

मग माहितीपट करणाऱ्याच्या हाती उरतात फोटो आणि आठवणी सांगणारी माणसं. पोकळी भरायला बासरी येते. लागूंच्या बाबतीत सिनेमे आहेत हे नशीब. पण रंगमंचावरचे लागू आणि पडद्यावरचे लागू हे दोन वेगळे नट आहेत, आणि फीत काढणारे त्यांची सरमिसळ करतात. 'नटसम्राट'बद्दल कुणी भारावून बोलत असतो आणि पडद्यावर 'पिंजरा' चालू असतो.

अंधारातली खुर्ची
रीळबंद, चित्रण नाही ही सबब निम्मीच खरी. 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये काय आहे? दिल्लीतल्या वझिराबादच्या तळघरात दोन भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. गोष्ट म्हणाल तर एवढीच. पण शौनक सेननं कॅमेरा जमिनीला टेकवला आणि सुरुवातीलाच उंदरांनी भरलेल्या रात्रीच्या मैदानावरून तो इतका संथ फिरवला की शहर म्हणजे फक्त माणसं नव्हेत, हे एका वाक्याविना कळतं. बघायचं कसं हे आधी ठरवलेलं होतं. आपल्याकडे फीत काढणारा बघायचं कसं हे ठरवतच नाही. कोणाकोणाला बोलवायचं याची यादी ठरवतो. मानाचे पाहुणे कॅमेऱ्यासमोर एकामागून एक.

येरळाकाठ
'ऑल दॅट ब्रीद्स' मला फार सजवलेला वाटला. प्रत्येक चौकट मोजूनमापून. डबक्याजवळ कॅमेरा हळूच खाली येतो, फोकस मागे जातो आणि मागे बरोब्बर वेळेला विमान! माहितीपट आहे की जाहिरात? त्यापेक्षा आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) घ्या. कॅमेरा हलतो, चौकट वाकडी जाते, पण माणसं समोर उभी राहतात. शाहीर विलास घोगरेंची गाणी त्यात पुरेपूर वाजतात, तुकड्यातुकड्यांत नाहीत. गेलेल्या कलावंताचं स्मरण म्हणतात ते हे.

अंधारातली खुर्ची
@येरळाकाठ, चौकट आधी लावून घटनेची वाट बघणं याला सजवणं म्हणत नाहीत. ट्रॉली टाकून ठेवायची, फोकसचे टप्पे आखून ठेवायचे आणि तासन्‌तास बसायचं. दहातले नऊ वेळा काही घडत नाही. ते नऊ तुकडे संपादनात जातात, दहावा आपण बघतो. प्रेक्षकाला वाटतं सगळं ठरवून केलं. 'जय भीम कॉम्रेड'बद्दल मात्र शंभर टक्के सहमत. गाणं पूर्ण वाजू द्यायला हिंमत लागते, कारण तेवढा वेळ दिग्दर्शकाला गप्प बसावं लागतं.

प्राची करंजे
मूळ प्रश्नाकडे येते. लागूंवर बोलताना सगळे आवाजापाशी येऊन थांबतात. 'घशाचे सर्जन होते, म्हणून आवाजावर ताबा' हे तर ठरलेलं वाक्य. स्वरयंत्राची रचना माहीत असल्यानं आवाज ताब्यात येत असता तर राज्यातले यच्चयावत नाक-कान-घशाचे डॉक्टर नट झाले असते.

बघायचं असेल तर तीन गोष्टी बघा.

एक, थांबणं. वाक्य संपलं की सगळेच नट थांबतात. लागू वाक्याच्या पोटात थांबतात, बऱ्याचदा क्रियापदाच्या आधी. ऐकणाऱ्याला क्रियापद काय येणार याचा अंदाज असतो, तरी तो अडकून राहतो. फीत कापणारा नेमकी हीच जागा 'रिकामी' म्हणून छाटतो. एका थांब्यातून एक-दीड सेकंद काढला की पाच मिनिटांच्या प्रसंगात अर्धं मिनिट वाचतं आणि लागू निघून जातात.

दोन, 'पिंजरा' (१९७२). शिस्तीचा मास्तर, पुढे तमाशाच्या फडात पडेल ते काम करणारा, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोपी. माहितीपटात नेहमी पहिला ताठ कणा आणि शेवटचे पडलेले खांदे शेजारी शेजारी दाखवतात. त्यात काय अभिनय दिसणार? रंगभूषाकाराचं काम दिसतं. अभिनय मधल्या उतारावर आहे: आधी नजर खाली येते, मग बोलण्याचा वेग, आणि कणा सगळ्यात शेवटी. हा क्रम दाखवायचा तर मधले दोन-तीन प्रसंग ओळीनं लावायला लागतात.

तीन, 'घरौंदा' (१९७७). पोक्त, आजारी मालक मोदी. सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला होता त्यांना. मराठी रंगमंचावरचं सगळं सामान इथं बाहेर ठेवलंय. हात जवळजवळ वापरलेलेच नाहीत. 'नटसम्राट'वाला माणूस हाच, हे प्रेक्षकाला न सांगता दाखवलं तर निम्मं काम होतं.

दत्ता शेठजी
प्राची, सुंदर. वाचूनच 'घरौंदा' पुन्हा लावला.

बंडोपंत वाईकर
क्रियापदाच्या आधी थांबायची सवय आमच्या गल्लीतल्या एका उसनवारी करणाऱ्यालाही आहे. 'तुमचे पैसे मी उद्या...'

मिरज जंक्शन
अख्खा सिनेमा दाखवा नाहीतर तुकडे, आधी प्रत तपासा. जुन्या मराठी सिनेमाच्या हाती लागणाऱ्या प्रती बहुतेक दूरदर्शनच्या जमान्यात फिल्मवरून व्हिडिओवर केलेल्या हस्तांतरणावरून उतरलेल्या असतात. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपला टीव्ही २५ चा. तेव्हा सोपा मार्ग होता: २४ चं सरळ २५ वर चालवायचं. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज अर्धस्वराच्या पाऊण हिश्शानं वर चढतात. वाचताना किरकोळ वाटेल, पण लागू आणि निळूभाऊ दोघांचेही आवाज खर्जातले. एवढ्यानं त्यांचं वजन जातं, संवाद घाईघाईनं म्हटल्यासारखे वाटतात, आणि प्राची म्हणते ते थांबेही आखडतात. मिरजेत तंबोऱ्याच्या तारा लावणाऱ्या कुणालाही बसवा, पहिल्या गाण्याला मान वर करेल.

ओळखायचं कसं: सिनेमातलं एखादं गाणं घ्या, त्याच गाण्याची ध्वनिमुद्रिकेवरून आलेली प्रत शेजारी लावा. पेटीवर दोन्हींचा सा शोधा. सिनेमातला सा जवळजवळ पुढच्या पट्टीकडे सरकलेला असेल तर प्रत २५ ची.

दुरुस्ती: संपादनाच्या कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल २४ ची आहे असं मानायला लावा (इंटरप्रेट फूटेज). चित्र आपोआप ९६ टक्के वेगावर येतं. ध्वनी वेगळा काढून तोही ९६ टक्के करा, आणि 'पिच कायम ठेवा' ही खूण काढून टाका. ती राहिली तर वेग उतरतो, सूर चढलेलाच राहतो. निम्मे लोक इथंच अडकतात.

रीळबंद
मिरज जंक्शनच्या यादीला पुरवणी: चित्राचा आकार. 'सामना'च्या काळातला चौकोनी सिनेमा रुंद पडद्यावर ताणून बसवतात. चेहरे एक तृतीयांशानं रुंद होतात. हिंदुराव धोंडेपाटील (निळू फुले) रुंद झाले तर एकवेळ चालेल, पण भणंग, दारूनं पोखरलेला मास्तर (लागू) खात्यापित्या घरचा दिसायला लागला तर सिनेमाच मोडला. काही जण ताणत नाहीत, वरखाली कापतात. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे जवळच्या दृश्यात कपाळ किंवा हनुवटी.

बरोबर पद्धत: १९२० बाय १०८०च्या चौकटीत चित्र १४४० रुंदीचं ठेवा, दोन्ही बाजूंना २४०-२४० ची काळी पट्टी राहू द्या. कुणीतरी हमखास येऊन म्हणणार, 'पडदा पूर्ण भरत नाहीये.' त्याला चहा द्या.

आणि 'सामना' कृष्णधवल आहे. भाड्याचा प्रोजेक्टर येतो तेव्हा तो 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक'वर असतो, कारण लग्नातले फोटो त्यात उठून दिसतात. त्यावर करड्या रंगात निळी-हिरवी झाक येते. मेनूतून 'सिनेमा' निवडा, रंगाचं तापमान ६५००च्या आसपास ठेवा.

माणदेशी
विषय साताऱ्या-सांगलीचा निघालाच आहे तर एक जोड. सत्य घटनेवर सिनेमा आणि माहितीपट यांचा वाद आपल्या मुलखाला नवा नाही. औंध संस्थाननं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. भवानराव पंतप्रतिनिधींचं संस्थान, कल्पना पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमनची. खुनाच्या शिक्षेतले कैदी बिनभिंतीच्या जागेत शेती करत. त्यावर गदिमांनी (तेही याच माणदेशातले) कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' केला. बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं.

आता गंमत बघा. त्या वसाहतीचा चित्रित पुरावा म्हणून जगाच्या डोळ्यांसमोर येतो तो हा सिनेमा. पण त्यात सहाच कैदी, एक देखणा जेलर आणि एक खेळणी विकणारी नायिका आहे. खरी वसाहत वर्षानुवर्षं चालली, तिच्यात बायकापोरं होती, पिकाचे हिशेब होते, पाण्याची टंचाई होती. यातलं काही सिनेमात मावत नाही. म्हणून मला 'सिनेमा दाखवला की झालं' हा युक्तिवाद पटत नाही. सिनेमा नटाचं काम दाखवेल, पण ते काम कशातून उगवलं हे सांगायला माहितीपटच लागतो.

येरळाकाठ
बैलाशी झुंजीच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्याला इजा झाली होती, तोच ना हा सिनेमा?

माणदेशी
तोच. पण बघा, दोन ओळींत आपण वसाहतीवरून बापूंच्या डोळ्यावर आलो. नटांच्या माहितीपटात हेच होतं.

सई पेठकर
मला 'साबर बोंडं'बद्दल बोलायचंय, कारण ते या वादात बसतं. रोहन परशुराम कानवडेचा सिनेमा, २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. पार्श्वसंगीत शून्य. कॅमेरा ठेवला की ठेवला. सुतकातलं बसणं, चहा, आल्यागेल्यांचे तेच ते प्रश्न, 'लग्नाचं बघा आता' हे इतकं नेमकं आहे की कुठल्याही माहितीपटाला लाजवेल. त्यात नट 'करून दाखवत' नाहीत. चौथी घंटा यांनी बासरीचा उल्लेख केला. इथं खराखुरा मृत्यू आहे, घरभर रडणं आहे, आणि तरी एक स्वर लावलेला नाही.

अंधारातली खुर्ची
सई, अर्धं सहमत. भाऊबंदांच्या घोळक्याचे प्रसंग उत्तम. पण स्थिर कॅमेऱ्याची आता रीत पडलीय. 'कोर्ट'मध्ये (२०१४) चैतन्य ताम्हाणेनं कॅमेरा लांब ठेवला त्याला कारण होतं: न्यायालय ही यंत्रणा दाखवायची होती, माणूस तिच्यात लहान दिसायला हवा होता. प्रत्येक गावाकडच्या गोष्टीला तेच अंतर लावलं तर ती शैली राहत नाही, सवय होते.

सई पेठकर
'साबर बोंडं'मध्ये अंतराला कारण आहेच की. दोन पुरुषांच्या जवळिकीकडे गाव ज्या अंतरावरून बघतं, तिथंच कॅमेरा आहे. दोघं एकटे असतात तेव्हा तो जवळ जातो. पुन्हा बघा.

अंधारातली खुर्ची
हा मुद्दा चांगला आहे. त्या नजरेनं बघतो.

दुष्काळी पट्टा
'कोर्ट' निघालाच आहे तर वीरा साथीदारांची आठवण काढा रे कुणीतरी. एप्रिल २०२१, कोविड. नारायण कांबळे या शाहिराची भूमिका. हा माणूस पेशानं नट नव्हता. नागपूरचा कार्यकर्ता, 'विद्रोही'चा संपादक. त्यांच्यावर माहितीपट काढायचा तर 'नट' म्हणून काढायचा की कार्यकर्ता म्हणून? 'कोर्ट'मध्ये ते मंचावर गातात तेव्हा अभिनय कुठे संपतो हेच कळत नाही.

प्राची करंजे
दुष्काळी पट्टा, हाच प्रश्न लागूंनाही लागू पडतो (श्लेष पदरात घ्या). साताऱ्याचं नातं जन्मापुरतं धरू नका. जन्म कुठं व्हावा हे कुणाच्या हाती नसतं. खरं नातं साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांमुळे (अंधश्रद्धा निर्मूलनवाले). दोघांचे ते जाहीर वादसंवाद, देवाला निवृत्त करा म्हणणारा लागूंचा लेख, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी निळू फुले वगैरेंना घेऊन केलेला 'लग्नाची बेडी'चा दौरा. कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून एवढी नामवंत मंडळी गावोगाव नाटक करत फिरली, हे इथल्या पोरांना सांगायला हवं. त्यामुळे कार्यक्रमात तसबीर, हार, उदबत्ती कृपा करून नको. डॉ. लागूंना ते पटणारच नाही.

सातारी कंदी
तसबीर नको तर मग लोक आल्या आल्या बघणार काय?

बंडोपंत वाईकर
एकमेकांकडे. साताऱ्यात तेवढंही पुष्कळ असतं.

उलट सुलट
थोडा विरोधी सूर. इथं सगळे 'सामना', 'पिंजरा', 'सिंहासन' करताय. लागूंनी शंभराहून जास्त हिंदी सिनेमे केले, त्यातल्या बहुतेकांत ते न्यायाधीश, डॉक्टर, नायिकेचे वडील. त्यातले किती बघण्यासारखे आहेत? श्रद्धांजलीत ते गायब होतात आणि असं चित्र उभं राहतं की हा माणूस जन्मभर फक्त अभिजातच करत होता. माझं म्हणणं, अशा एखाद्या सिनेमातला दोन मिनिटांचा सपाट प्रसंग मुद्दाम दाखवा. चांगला नट पोकळ संवाद कसा निभावतो, कुठे हात टेकतो, हेही शिकण्यासारखं आहे.

चौथी घंटा
@उलट सुलट, कल्पना आवडली, पण स्मृतिदिनाला लोक ते सहन करतील?

उलट सुलट
लोक सहन करतात. अध्यक्ष करत नाहीत. अध्यक्षच ठेवू नका.

रीळबंद
अशा मोकळ्या नजरेनं केलेला माहितीपट बघायचा असेल तर शिवेंद्रसिंग डुंगरपूरचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) बघा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायरांवर आहे, अकरा छायालेखकांनी मिळून चित्रित केलेला. माणसाचं मोठेपण सांगण्यापेक्षा त्यानं वाचवलेली रिळं समोर येतात. कुठल्या सिनेमाच्या कितव्या रिळात कोणता प्रसंग आहे हे नायर तोंडपाठ सांगतात. त्यांच्यावर निराळी स्तुती करायची गरजच पडत नाही. नटावर करताना हेच सूत्र: त्याचं काम पुढे, आठवणी मागे.

जाता जाता. कुणाकडे नाटकांची, सत्काराची घरगुती ८ किंवा १६ मिमीची रिळं पडून असतील तर हौसेनं जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आकसायला लागलीय. आकसलेली फिल्म दातऱ्यांवर बसत नाही, भोकं फाटतात आणि एका फेरीत रीळ संपतं. तो डबा बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवा, त्या आम्लाच्या वाफेनं शेजारची चांगली रिळंही बिघडतात. कोरड्या, थंड जागी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून नको. स्कॅन करायचं तर दातऱ्यांशिवाय फिल्म ओढणाऱ्या यंत्रावर.

'मंथन' (१९७६) २०२४ मध्ये कानला पुनरुज्जीवित होऊन दाखवला गेला तेव्हा चित्र मूळ निगेटिव्हवरून आणि ध्वनी एका जुन्या प्रदर्शन-प्रतीवरून घ्यावा लागला होता. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. त्याची ही तऱ्हा, तर आपल्या नाटकवाल्यांच्या रिळांचं काय घेऊन बसलात.

वसगडेकर
मग निष्कर्ष काय? मुलाखती घ्यायच्याच नाहीत का? साताऱ्यात-सांगलीत जुने रंगकर्मी अजून आहेत. ते गेले की तेही गेलं.

मिरज जंक्शन
मुलाखती जरूर घ्या. पण नीट घ्या, आणि या कार्यक्रमासाठी घाईनं नको.

पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना चालू करायला विसरणार नाही). माइक हनुवटीखाली एक वीत. कडक इस्त्रीच्या झब्ब्यावर किंवा काठापदराच्या साडीवर थेट लावला तर प्रत्येक हालचालीला खरखर येते, मंगळसूत्राची टकटक वेगळी. माइकची वायर आतून घेऊन तिचा एक वेढा चिकटपट्टीनं पक्का करा. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करा. संपादनात दोन वाक्यं जोडताना मधली फट याच शांततेनं भरायची असते. ती नसली की फटीत एकदम बधिर काळोख ऐकू येतो आणि मग तो झाकायला... हो, बासरी.

प्राची करंजे
आणि प्रश्न! 'माणूस म्हणून कसे होते' हा प्रश्न विचारू नका. 'कसे' विचारलं की विशेषणं मिळतात. 'तिसऱ्या अंकात तुम्ही कुठे उभे असायचा? त्यांचं वाक्य कुठे तुटायचं? तुम्ही पुढचं वाक्य कशावरून उचलायचा?' असं विचारा. नाटकवाल्यांचं शरीर लक्षात ठेवतं. ते उठून उभे राहतात आणि करून दाखवतात. ते चित्रित करा. प्रश्न आपण विचारलेला ऐकू येणार नसेल तर उत्तरात प्रश्न गुंफायला आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळी उत्तरं 'हो, अगदी' अशी सुरू होतात.

माणदेशी
हे असं केलं तर मी माझा हेका सोडतो. म्हणजे माहितीपट हवाच, पण दमानं.

वसगडेकर
नागठाणे आमच्या शेजारी, बालगंधर्वांचं गाव. त्यांच्याही बाबतीत रंगमंचाचं काहीच नाही. ७८ गतीच्या तबकड्या आहेत, पण एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. नाटकात एकेक पद पाऊण तास रंगायचं म्हणतात, ते तबकडीसाठी तीन मिनिटांत कोंबलेलं. लोक तीच तबकडी ऐकून म्हणतात, 'एवढं काय होतं त्यात?' सामग्री अपुरी असेल तर ती अपुरी आहे हे माहितीपटानं सांगायला हवं, ते कुणी सांगत नाही.

चौथी घंटा
सगळ्यांचे आभार. फीत रद्द. 'सामना' अख्खा दाखवू. आधी प्राची पाच मिनिटं बोलणार, नंतर इच्छुकांनी थांबून गप्पा. 'घरौंदा'चा एक प्रसंग न कापता, सिनेमाच्या आधी, नाव न सांगता. मुलाखती जानेवारीपासून निवांत.

उलट सुलट
आणि सपाट प्रसंग?

चौथी घंटा
गप्पांच्या वेळी, तुमच्या जबाबदारीवर. 'सामना' दाखवताना आणखी काही सांभाळायचं?

येरळाकाठ
शेवटचं गाणं चालू झालं की लाइट लावू नका. मास्तरानंतर निळूभाऊंचा चेहरा डोक्यात बसायला वेळ लागतो. आपल्याकडे श्रेयनामावली म्हणजे चपला शोधायची वेळ.

प्राची करंजे
येरळाकाठ बरोबर. आणि निळूभाऊंवरून एक: 'सामना'त बोलणारे लागू आहेत, पण प्रसंग पेलतात ते ऐकणारे निळू फुले. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न मास्तर विचारत राहतो, हिंदुरावाचा चेहरा पहिल्यांदा मजेत असतो, नंतर कंटाळतो, मग हळूहळू आवळत जातो. निळूभाऊंची नक्कल करणाऱ्यांनी त्यांचं एकच खर्जातलं वाक्य महाराष्ट्रभर फिरवलं, त्या माणसाचं हे ऐकणं कुणी बघितलंच नाही. बोलताना मी एवढंच सांगणार आहे: लागू बोलत असतील तेव्हा निळूभाऊंकडे बघा.

रीळबंद
निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. रामदास फुटाणे निर्माते आहेत. हक्क सध्या कोणाकडे आहेत ते आधी विचारा. समीक्षेत छोटा उतारा दाखवणं वेगळं, अख्खा सिनेमा जाहीर दाखवणं वेगळं. तिकीट नाही म्हणून परवानगी नको, असं नसतं. परवानगी मागताना चांगली प्रतही मागा, बऱ्याचदा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरी असते.

पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान साडेचार फूट वर. नाहीतर मागच्या रांगांना पुढच्यांच्या टाळूच दिसतात.

मिरज जंक्शन
ध्वनी. नव्या डिजिटल प्रतीला कधी कधी ५.१ चा (सहा वाहिन्यांचा) ट्रॅक असतो. तो सभागृहाच्या दोन स्पीकरच्या ॲम्प्लिफायरला तसाच जोडला तर फक्त डावा-उजवा वाजतो, आणि संवाद असतात मधल्या वाहिनीत. म्हणजे पक्षी, पाऊस, संगीत ऐकू येतं, माणसं नुसते ओठ हलवतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्टिरिओ' करा, म्हणजे मधली वाहिनी दोन्हीकडे वाटली जाते. 'सामना'चा मूळ ध्वनी मोनो (एकाच वाहिनीचा) आहे. मोनो ट्रॅक मिळाला तर तोच घ्या, दोन्ही स्पीकरला सारखा द्या. 'सराउंड इफेक्ट'चं बटण कुणालाही दाबू देऊ नका.

आदल्या दिवशी नको, त्याच दिवशी दुपारी चारला रिकाम्या सभागृहात दहा मिनिटं चालवून बघा, पंखे लावून. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, माणसं बसली की शोषला जातो, म्हणून रिकामं असताना जेवढा बरा वाटेल त्याच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. बास कमी करा. सभागृहवाले भाषणासाठी तो वाढवून ठेवतात आणि खर्जाच्या आवाजांचा नुसता गडगडाट होतो. लॅपटॉप चार्जरवर, वायफाय बंद, व्हॉट्सॲप बंद.

बंडोपंत वाईकर
आणि मोबाइल सायलेंटची सूचना कोण देणार? प्राचीच्या पाच मिनिटांत ती नको, तिचे थांबे मोडतील.

चौथी घंटा
दारावर पाटी लावतो. प्रत आली की २४-२५ ची तपासणी करायला मिरज जंक्शन यांनी एक पेटी घेऊन साताऱ्याला यावं, ही विनंती.

मिरज जंक्शन
पेटी तिथली घ्या. एसटीत माझ्या पेटीचा भाता दोनदा फाटलाय.